वसईचा पहारा आणि भिवंडीची चिंबोरी : एका खाडीच्या मिठाचा इतिहास

१६५९ सालच्या ऑगस्ट महिन्यातील एका पत्रात गोव्याच्या पोर्तुगीज सत्ताधाऱ्यांनी आपली चिंता नोंदविली आहे. शहाजीराजांच्या पुत्राने वसई आणि चौल यांच्या बाजूचा मुलूख जिंकला आहे. कल्याण, भिवंडी आणि पनवेल या बंदरांत त्याने लढाऊ जहाजे बांधविली आहेत. ती समुद्रावर येऊ नयेत म्हणून त्यांना बंदरांतून बाहेर पडू न देण्याची आज्ञा कप्तानास दिली आहे, असा त्या पत्राचा आशय. मराठा आरमाराचा इतिहास लिहिताना हे पत्र वारंवार उद्धृत होते. जहाजे बांधण्याच्या कामी रुय लैतांव व्हियेगश हा पोर्तुगीज आणि त्याचे कारागीर होते, आणि पुढे पोर्तुगीजांच्या दबावामुळे ते काम सोडून गेले, ही हकीकतही इतिहासप्रेमींना ठाऊक असते.

त्या पत्रातील एका गोष्टीकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. कप्तानास असा हुकूम देता आला, कारण भूगोल त्याच्या बाजूने होता. निजामपुऱ्याच्या जवळून, नदीनाक्याखालून वाहणारी कामवारी नदी पुढे उल्हासच्या खाडीला मिळते. खाडीचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वळून वसईपाशी समुद्रात उतरतो. दुसरी, अरुंद वाट ठाण्यावरून मुंबईच्या बंदराकडे जाते. १६५९ मध्ये वसईही पोर्तुगीजांची आणि ठाणेही पोर्तुगीजांचे. भिवंडीत जहाज कितीही मजबूत बांधले, तरी समुद्र गाठण्यासाठी त्याला परक्याच्या तोफांखालूनच जावे लागे. मराठ्यांनी ठाणे घेतले ते १७३७ मध्ये, आणि वसई १७३९ मध्ये.

याच वाटेने एक प्रवासी या सर्व काळात बिनपरवाना ये-जा करीत होता. त्याच्या येण्याजाण्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. तो प्रवासी म्हणजे खाडीतील चिंबोरी. भरतीच्या पाण्यातून, चिखलाच्या तळावरून अंडी घालण्यासाठी समुद्राकडे जाणारी तिची मादी आणि काही आठवड्यांनी समुद्राकडून खाडीत परतणारी तिची नखाएवढीही नसलेली पिल्ले यांच्या आयुष्यात मिठाचा आणि पाण्याचा जो हिशोब चालतो, तो समजून घेण्यास विज्ञानाला सुमारे सव्वाशे वर्षे लागली. त्या शोधाचाही एक इतिहास आहे, आणि त्यातील काही पाने आपल्याच भागातील आहेत.

प्रथम खाडीचा स्वभाव पाहावा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. कोकणातील खाडीत हा आकडा वर्षभर एकसारखा राहत नाही. मे महिन्यात, नद्या आटल्या असता, भरतीचे खारे पाणी आत खोलवर चढते. जूनमध्ये सह्याद्रीवर पाऊस कोसळला की तीच खाडी काही दिवसांत गढूळ आणि जवळजवळ गोडी होते. शिवाय दिवसातून दोनदा भरती-ओहोटी. एकाच बिळात राहणाऱ्या प्राण्याला एका वर्षात, किंबहुना एका दिवसात, निरनिराळ्या पाण्यांत राहावे लागते.

यात अडचण कोणती? खेकड्याच्या रक्तातही क्षार असतात. बाहेरचे पाणी रक्तापेक्षा पातळ झाले, की दोन गोष्टी आपोआप घडू लागतात : पाणी शरीरात शिरते आणि क्षार बाहेर झिरपतात. यालाच परासरणाचा ताण म्हणतात. भाजी चिरून मीठ लावले की तिला पाणी सुटते, त्यातलेच हे तत्त्व. फक्त पाण्याची दिशा उलटी. उपाय न केल्यास प्राणी फुगून मरेल. कवच कठीण असले तरी कल्ल्यांची त्वचा अतिशय पातळ असते, कारण श्वास तिथूनच घ्यायचा असतो. प्राणवायूला दार उघडे ठेवले की त्याच दारातून मीठ जाते आणि पाणी येते.

या प्रश्नाकडे प्रयोगशाळेतून नीट पाहणाऱ्या पहिल्या संशोधकांत बेल्जियममधील लिएज येथील लेऑन फ्रेदेरीक यांचे नाव घ्यावे लागते. १८८० च्या दशकात त्यांनी समुद्री प्राण्यांच्या रक्तातील क्षारांची तुलना केली. समुद्रातील खेकड्याचे रक्त समुद्राच्याच पाण्याइतके खारट, माशाचे मात्र नाही. आणि निमखाऱ्या पाण्यातील खेकड्याचे रक्त तुलनेने कमी खारट असले, तरी भोवतालच्या पाण्याइतके पातळ नाही. या शेवटच्या निरीक्षणातच सारे रहस्य होते. खेकडा पाण्यापुढे पूर्णपणे शरण जात नाही. एका मर्यादेनंतर तो आपले मीठ धरून ठेवतो. कसे धरून ठेवतो, ते कळण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

येथे गोष्ट डेन्मार्ककडे वळते, आणि एक विलक्षण योगायोग समोर येतो.

१७६१ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी एक मोहीम कोपनहेगनहून रवाना केली. तिच्यात लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता. तांबड्या समुद्राच्या काठी त्याने मासे, वनस्पती, कवचधारी प्राणी यांची टिपणे केली, आणि जुलै १७६३ मध्ये येमेनमधील यरीम येथे तापाने त्याचा मृत्यू झाला. एकामागून एक सोबती गेले. सप्टेंबर १७६३ मध्ये मोहिमेतील दोघेच मुंबईस पोचले. त्यांपैकी वैद्य क्रामर यांचा १७६४ च्या आरंभी मुंबईतच अंत झाला. उरले ते एकटे कार्स्टन नीबूर. घारापुरीच्या लेण्यांची मापे घेऊन काळजीपूर्वक रेखाटने करणारे नीबूर ते हेच. लेण्यांच्या अभ्यासकांना हे नाव परिचित असेल. मायदेशी परतल्यावर त्यांनी मृत मित्राची टिपणे १७७५ मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथात एका मोठ्या खेकड्याचे वर्णन आहे, आणि त्या वर्णनावरूनच खाडीतील हिरवट चिंबोरीला आज ‘सिला सेराटा’ हे शास्त्रीय नाव आहे. ज्या माणसाने हे नाव जगापुढे आणले, तो एक वर्षाहून अधिक काळ मुंबईत राहिला. त्याच्या ताटात ती चिंबोरी कधी आली असेल काय, याची कल्पना करण्यास हरकत नाही; पुरावा मात्र नाही.

पुढे १७९८ मध्ये डेन्मार्कच्याच फाब्रिसियुस यांनी याच कुळातील दुसऱ्या खेकड्याला ‘ट्रांकेबारिका’ असे नाव दिले. ट्रांकेबार म्हणजे तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी, तेव्हाची डॅनिश वसाहत. हे खेकडे दिसायला इतके सारखे, की दोनशे वर्षे संशोधकांचा गोंधळ चालूच राहिला. १९९८ मध्ये कीनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटात चार जाती असल्याचे निश्चित केले. भारतात एक मोठी, हिरवट आणि दुसरी लहान, तपकिरी अशा दोन जाती प्रामुख्याने सापडतात. जुन्या भारतीय शोधनिबंधांतील नावे वाचताना हे ध्यानात ठेवावे लागते. ज्याला तेथे ‘सेराटा’ म्हटले आहे तो पुष्कळदा दुसराच खेकडा असतो. बखरीतील एकच नाव दोन व्यक्तींचे निघावे, तसाच हा प्रकार.

१९३० च्या दशकात कोपनहेगनच्या आउगुस्ट क्रोग यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९२० चे नोबेल पारितोषिक त्यांना आधीच मिळालेले होते. त्यांच्या हाती आला चिनी केसाळ नांग्यांचा खेकडा. हा प्राणी मूळचा पूर्व आशियातील. १९१२ मध्ये तो जर्मनीतील नदीत प्रथम आढळला, बहुधा व्यापारी जहाजांच्या पोटातील पाण्यातून आलेला. तो नदीत वाढतो आणि अंडी घालण्यास समुद्रात जातो. क्रोग यांनी दाखविले की अशा खेकड्याचे कल्ले अत्यंत पातळ पाण्यातूनही क्षार ओढून रक्तात घेतात, म्हणजे उतारावरून नव्हे तर चढावर. त्यासाठी शक्ती खर्चावी लागते. १९३९ मध्ये पाण्यातील प्राण्यांच्या या क्षारनियमनावर त्यांचा ग्रंथ निघाला, आणि पुढील दोन पिढ्यांनी तो आधारभूत मानला.

याच सुमारास इंग्लंडमधील प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत एक भारतीय तरुण कोळंबीवर काम करीत होता. नाव एन. केशव पणिक्कर, जन्म केरळातला. कोळंबी आपले रक्त कसे सांभाळते याचा त्यांनी कसून अभ्यास केला आणि १९४० मध्ये एक मार्मिक विचार मांडला : पाणी उबदार असेल तर समुद्री कवचधाऱ्यांना कमी खारेपणा अधिक सहज सोसतो. उष्ण कटिबंधातील खाड्यांत समुद्री प्राण्यांची इतकी गर्दी का, याचे एक उत्तर त्यात होते. हा केवळ प्रयोगाचा निष्कर्ष नव्हता. आपल्याकडील खाड्या पाहिलेल्या माणसाची दृष्टी त्यात होती. १९६६ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले संचालक पणिक्करच होते. गोव्यात दोना पावला येथे आज या संस्थेचे मुख्यालय आहे.

राहिला तो पंप. चढावर क्षार ओढणारे यंत्र नेमके कोणते? १९५७ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे येन्स स्कू यांना ते सापडले, आणि सापडले ते खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंमध्ये. सोडियम पेशीबाहेर टाकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे हे विकर, ज्याला पुढे ‘सोडियम पंप’ हे नाव रूढ झाले, माणसाच्या मेंदूत, हृदयात, मूत्रपिंडातही अहोरात्र चालू असते. त्याबद्दल १९९७ मध्ये स्कू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. खाडीतील खेकड्याच्या मागच्या कल्ल्यांत हेच विकर विपुल असते. पुढचे कल्ले मुख्यतः श्वासाचे, मागचे मिठाचे, अशी ती वाटणी. शृंगिकेच्या मुळाशी असलेली ग्रंथी मूत्रावाटे जास्तीचे पाणी बाहेर टाकते, पण बहुतेक खेकड्यांचे मूत्र रक्ताइतकेच खारट असते. म्हणजे पाणी काढताना मीठही जाते, आणि ती तूट पुन्हा कल्ल्यांनीच भरून काढायची.

आता चिंबोरीचे आयुष्य क्रमाने पाहता येईल.

मीलन खाडीत होते, आणि मादी नुकतीच कात टाकून मऊ झालेली असताना होते. त्यानंतर अंडी पिकू लागली की मादी समुद्राकडे निघते. ऑस्ट्रेलियात अशा माद्या किनाऱ्यापासून सुमारे ९५ किलोमीटर आतपर्यंत सापडल्या आहेत. पोटाखाली चिकटलेली लक्षावधी अंडी ती तेथे वागवते. अंड्यांतून बाहेर पडणारे ‘झोइया’ नावाचे डिंभक खेकड्यासारखे दिसतच नाहीत. काटे असलेला, तरंगणारा, टाचणीच्या डोक्याएवढा तो जीव असतो. त्याला पूर्ण वाढलेले कल्ले नसतात. मीठ ओढणाऱ्या थोड्या पेशी कल्ल्यांच्या भावी पोकळीच्या अस्तरात असतात, पण त्यांची ताकद तोकडी. खाडीच्या पातळ पाण्यात तो मरतो. म्हणूनच आईचा तो दीर्घ प्रवास : आई गोड्या पाण्याजवळही तग धरते, मूल धरू शकत नाही.

झोइयाच्या पाच अवस्था होतात, त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. मग ‘मेगालोपा’ येते, नांग्या असलेली आणि पोहणारीही. ती किनाऱ्याकडे सरकते, खाडीत शिरते, आणि पुन्हा कात टाकून खरा खेकडा होते. या रूपांतराच्या सुमारास कल्ले कामास लागतात, आणि क्षार सांभाळण्याची ताकद झपाट्याने वाढते. खारफुटीच्या मुळांत दडलेला बोटाच्या पेराएवढा खेकडाही आता पावसाळ्याचे पाणी सोसू शकतो. वाट चालण्यापूर्वी शिदोरी बांधावी, तसे हे शरीर खाडीत राहण्यापूर्वी पंप बांधून घेते.

कात टाकण्याचा प्रसंग मात्र आयुष्यभर पुनःपुन्हा येतो, आणि त्या वेळी पाण्याशी असलेले वैर मैत्रीत बदलते. जुने कवच फुटताच खेकडा मुद्दाम भरपूर पाणी शोषतो, फुगतो, आणि नवे मऊ कवच त्या फुगलेल्या मापाचे होऊन कठीण बनते. पुढील काही आठवडे आतील पाण्याची जागा मांस घेते. तोपर्यंत तो खेकडा आकाराने मोठा, पण पोकळ. बाजारात चिंबोरी उचलून हातात तोलणारी, अंगठ्याने तिचा पोटाकडील भाग दाबून पाहणारी कोळीण नेमकी हीच परीक्षा करीत असते. अमावास्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असेही किनाऱ्यावर सर्वत्र मानतात. चंद्राचा भाग वादाचा ठेवला, तरी ‘भरलेली’ आणि ‘पाण्याची’ हा भेद प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वी कित्येक शतके टोपलीत सिद्ध झालेला होता. इतिहासलेखनात अशा ज्ञानाला जागा मिळत नाही, कारण ते कोणी लिहून ठेवले नाही. ही त्रुटी चिंबोरीची नव्हे.

चिंबोरीच्या या कथेला एक प्रतिकथाही आहे, आणि ती घाटावरची आहे. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे बिशप रेजिनल्ड हीबर मुंबईहून पुण्यास गेले. दख्खनच्या गवताळ जमिनीत लहान भूखेकड्यांची रेलचेल असल्याचे, आणि ते आपल्याएवढा गवताचा भारा घेऊन धावत असल्याचे त्यांनी प्रवासवर्णनात नोंदविले. त्याच काळात मुंबई सरकारचे सांख्यिकी निवेदक असलेले विल्यम सायक्स दख्खनभर फिरत होते. १८३६ मध्ये ‘दख्खनचे भूखेकडे’ या विषयावर त्यांचे टिपण लंडनमध्ये छापले गेले, आणि वेस्टवूड यांनी त्या खेकड्यास ‘क्युनिक्युलारिस’, म्हणजे बिळे खणणारा, असे नाव दिले. पहिल्या पावसात बांधांवर दिसणारा काळपट खेकडा तोच.

येथे एक कोडे पडते. महाबळेश्वरच्या पठारावरचा खेकडा अंडी घालायला समुद्रापर्यंत उतरणार कसा? उत्तर असे, की तो उतरतच नाही. त्याच्या वंशाने तरंगणारे बाल्यच रद्द करून टाकले. अंडी थोडी, पण मोठी आणि बलकाने भरलेली. झोइया आणि मेगालोपा या अवस्था अंड्याच्या आतच उरकतात, आणि बाहेर येतो तो चिमुकला पण पूर्ण खेकडा, पहिल्या दिवसापासून गोड्या पाण्यास तयार. काही काळ आई पिल्लांना पोटाखाली घेऊन हिंडते. या खेकड्याचे रक्त समुद्राच्या निम्म्याच्या आसपास खारट असते आणि भोवती मात्र पावसाचे पाणी. आफ्रिकेतील अशाच एका खेकड्यावर काम करून शॉ यांनी १९५९ मध्ये दाखविले, की त्याची त्वचा पाण्याला फारच कमी शिरू देते आणि मूत्रही तो अगदी थोडे करतो. खर्चच कमी ठेवायचा, ही ती युक्ती. महाराष्ट्रात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी दख्खनच्या याच खेकड्यांच्या शरीरक्रियेवर पुढील काळात दीर्घ काम केले.

१९९८ मध्ये फ्रान्समधील गी शार्मांतिए यांनी कवचधाऱ्यांच्या सर्व अभ्यासांचा आढावा घेऊन तीन रीती सांगितल्या : काही जाती जन्मभर पाण्यामागे जातात, काही अंड्यातून बाहेर पडतानाच सज्ज असतात, आणि काहींची क्षमता रूपांतराच्या वेळी पालटते. ठाणे जिल्ह्यात यांतील शेवटच्या दोन रीती काही कोसांच्या अंतरावर नांदतात. डोंगराकडच्या भातखाचरात दुसरी, खाडीत तिसरी.

या दोन्ही खेकड्यांचे आणि माणसाचे एक जुने भांडणही आहे. कोकणात खाजण जमिनी बांध घालून लागवडीखाली आणण्याची पद्धत फार जुनी. त्या जमिनींच्या शिलोत्री हक्कांची चर्चा ब्रिटिशकालीन कागदपत्रांत येते. भरतीचे पाणी बाहेर ठेवायचे, पावसाचे आत साठवून मीठ धुऊन काढायचे, आणि उघाडीतून ओहोटीला सोडून द्यायचे. खाडीच्या मिठाचे नियमन माणसानेही केले ते असे, जवळजवळ खेकड्याच्याच पद्धतीने. आणि त्या बांधाला खांड पडण्याचे एक ठरलेले कारण म्हणजे खेकड्याचे बीळ. १९४८ मध्ये मुंबई राज्याने खारजमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा गावकऱ्यांची बांधबंदिस्ती सरकारी विषय बनली.

भिवंडीच्या बंदराचे महत्त्व पुढे ओसरले. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोचली, आणि मालाची वाट बदलली. विसाव्या शतकात शहर यंत्रमागांचे झाले, मग गोदामांचे. महानगरपालिकेच्या नावात भिवंडीबरोबर निजामपूर टिकले, पण शहराची पाठ खाडीकडे वळली. कामवारीत आता कापडाच्या रंगाई-धुलाईचे पाणी आणि शहराचे सांडपाणी उतरते. काठच्या खारफुटीवर भराव पडतो. या सर्वांचा खेकड्याच्या हिशोबावर होणारा परिणाम सरळ आहे. मीठ ओढणारा पंप कल्ल्यांत असतो, आणि जड धातूंसारखी विषे प्रथम कल्ल्यांनाच भिडतात. जो प्राणी खारेपणाचा प्रत्येक चढउतार सोसतो, तो त्या सोसण्याच्या अवयवावरच घाव बसला तर सोसू शकत नाही. शिवाय मोठ्यांना जगण्यापुरता चिखल उरला तरी पुरेसे नाही. मेगालोपाला आत येण्याची वाट आणि आल्यावर दडण्यास खारफुटीची मुळे लागतात. दोहोंपैकी एक तुटले, तर पुढची पिढी समुद्रातच संपते.

१६५९ मध्ये वसईच्या कप्तानाला भिवंडीची जहाजे मुखाशी अडवायची होती. आज मुखाशी कोणी उभे नाही. अडथळा आत, नदीनाक्याच्या बाजूला आहे. पावसाळा सरल्यावर समुद्राकडून भरतीबरोबर जे काही वर चढते, त्याची गाठ तेथे पडते.